पांढरीखालचे घटदफन : प्रवराकाठच्या ताम्रपाषाणयुगीन थडग्यांविषयी काही विचार

प्रागैतिहासिक थडगे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम शिळा उभी राहते. युरोपातील शिळासमूहांची चित्रे शालेय पुस्तकांतूनही आढळतात आणि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर विदर्भातील शिळावर्तुळे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्राचीन अवशेषांवर एका अभ्यासवर्गात बोलण्याचा प्रसंग आला असता, ‘आमच्या जिल्ह्यात अशी वर्तुळे कोठे आहेत?’ हा प्रश्न श्रोत्यांकडून पहिल्यांदा आला. प्रश्न स्वाभाविक होता. परंतु त्यात एक गृहीत दडलेले होते. मृताची आठवण जमिनीवर दगडाच्या रूपाने शिल्लक राहिली पाहिजे, हे ते गृहीत. प्रवरेच्या काठी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या लोकांना ते मान्य नव्हते. त्यांनी आपली मुले राहत्या घराच्या भुईखाली ठेवली आणि वर काहीही उभारले नाही. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण भाषाशास्त्राचे आहे, पुरातत्त्वाचे नव्हे. तथापि या दफनांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यातील काही शब्द आपली दिशाभूल करतात, आणि जो शब्द आपणास वाट दाखवू शकेल तो मात्र आपण विसरत चाललो आहोत, असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

विदर्भाचा उल्लेख आलाच आहे, तर तुलनेसाठी त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. नागपूरनजीक जुनापाणी येथे शिळावर्तुळांचे मोठे क्षेत्र आहे. तेथील काही वर्तुळे एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने खणली आणि १८७९ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी इत्यादी स्थळी केलेल्या उत्खननांमुळे या लोकांचे चित्र स्पष्ट झाले. ते लोखंड वापरीत. नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. माहुरझरीस मृताबरोबर घोडाही पुरल्याचा पुरावा मिळाला. वर्तुळांच्या काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकापासून पुढे धरला जातो. या वर्तुळांचे एक लक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे : ती वस्तीच्या बाहेर आहेत. मृताला गावापासून दूर नेले, आणि दूर नेले म्हणूनच त्याची जागा दगडांनी आखून ठेवण्याची गरज निर्माण झाली, असे म्हणता येईल.

आता प्रवरेकडे वळू. सह्याद्रीत उगम पावून अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या तालुक्यांच्या प्रदेशातून वाहत ती प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. या एका नदीच्या काठी झालेल्या तीन उत्खननांनी महाराष्ट्राच्या प्राक्-इतिहासाची चौकट ठरविली, हे त्या जिल्ह्यातील लोकांनाही फारसे माहीत नसते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. तांबूस रंगाची, पातळ, खणखणीत भाजलेली आणि काळ्या रंगाने भौमितिक आकृत्या रेखाटलेली खापरे तेथे मिळाली. शिवाय तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. लांब नळीसारख्या तोटीचे भांडे आणि मध्ये कंगोरा असलेला वाडगा ही या मृत्पात्रांची ओळखीची लक्षणे होत. पुढे अशीच खापरे गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या खोऱ्यांत ठिकठिकाणी सापडत गेली आणि या लहानशा गावाचे नाव एका संपूर्ण संस्कृतीस मिळाले. दुसरे स्थळ नेवासे. तेथील लाडमोड नावाच्या टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले आणि त्याचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात ‘इतिहासाकडून प्राक्-इतिहासाकडे’ असा उलटा प्रवास सुचविला आहे. उत्खनक वरून खाली जातो, हे त्यात नेमके पकडले आहे. तिसरे स्थळ श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद. त्याविषयी पुढे येईल.

नेवाशाच्या टेकाडात वरच्या थरांत मुसलमानी व मराठा काळ, त्याखाली सातवाहनकाळ आणि त्याखाली, बऱ्याच काळाच्या खंडानंतर, जोर्वे संस्कृतीची वस्ती असा क्रम आहे. त्याही पलीकडे नदीच्या दगडगोट्यांच्या थरांत अश्मयुगीन माणसाची हत्यारे आहेत. नेवाशाजवळच्या चिरकी नाल्यावर गुडरून कोर्व्हिनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केले, तेव्हा पूर्वाश्मयुगीन हत्यारांचे मोठे समूह तेथे उजेडात आले. असो. आपला विषय त्या मधल्या वस्तीतील मृतांचा आहे.

जोर्वे काळातील (सुमारे इ. स. पू. १४०० ते १०००) घरे कुडाची व मातीची होती. भुई चोपलेली, सारवलेली. मूल मृत्यू पावले की घराच्या भुईत खड्डा घेत. राखी रंगाच्या, हाताने घडविलेल्या दोन जाड घटांत मुलाचा देह ठेवीत, घटांची तोंडे एकमेकांस भिडवीत आणि ते खड्ड्यात आडवे निजवीत. शेजारी तोटीचे चित्रित भांडे, वाडगा अशी नित्य वापरातील पात्रे ठेवीत. नंतर खड्डा बुजवून भुई पूर्ववत करीत. प्रौढ व्यक्तीला बहुधा उत्तरेकडे डोके करून उताणे ठेवीत. नेवाशास काही प्रौढ देह मोठ्या घटांनी झाकलेले होते. लहानांची दफने संख्येने फार आहेत, आणि त्या समाजातील बालमृत्यूचे प्रमाण त्यांवरून लक्षात येते. नेवाशातील सांगाड्यांचा शारीर-मानवशास्त्रीय अभ्यास केनेथ केनेडी व कैलाश मल्होत्रा यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्या मोजमापांच्या कोष्टकांपेक्षाही एक लहानशी वस्तू माझ्या मनात राहिली आहे. नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत ओवलेल्या दोऱ्याचा अंश तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिला. तपासणीत तो रेशीम व कापूस यांचा निघाला. भारतीय वस्त्रविद्येच्या इतिहासात या दोऱ्याचा उल्लेख नेहमी होतो. परंतु तो कुणीतरी मुलासाठी वळला होता आणि त्या मुलाच्या गळ्यातून काढून घेतला नव्हता, हे तेथे सहसा लिहिले जात नाही.

येथे शब्दांचा प्रश्न येतो. या दफनांसाठी मराठी लेखनात ‘अस्थिकुंभ’ हा शब्द सर्रास योजला जातो. अस्थिकुंभ म्हणजे दहनानंतर वेचलेल्या अस्थी ठेवण्याचे पात्र. हा शब्द वाचताच वाचकाच्या मनात चिता, अस्थिसंचयन आणि विसर्जन ही मालिका उभी राहते. जोर्वे काळातील मुलाच्या दफनात यांपैकी काहीच नाही. तेथे देहच घटात ठेवला आहे. हा भेद केवळ काटेकोरपणाचा नव्हे. दायमाबाद येथे जोर्वेपूर्वीच्या एका थरात दहनोत्तर अस्थी घटात ठेवल्याचे दफन खरोखरच मिळाले आहे. त्याच थरात खड्ड्यातील साधे दफन आणि केवळ प्रतीकात्मक दफनही आहे. या सर्वांस एकच शब्द लावला, तर तेथील लोकांच्या आचारातील जो फरक उत्खनकांनी कष्टाने वेगळा काढला, तो आपण एका समासात बुडवून टाकतो. ‘घटदफन’ हा शब्द ओबडधोबड आहे, तथापि तो खोटे बोलत नाही. म्हणून या लेखात तोच वापरला आहे.

‘दफनभूमी’ या शब्दाचीही तीच गत. दफनभूमी म्हणजे वस्तीपासून वेगळी राखलेली जागा. विदर्भातील वर्तुळांच्या क्षेत्राला तो शोभतो. नेवाशाला किंवा दायमाबादच्या जोर्वे थराला तो लागू पडत नाही. कारण तेथे घर आणि थडगे यांच्यामध्ये सीमारेषाच नव्हती. आणि ‘थडगे’ तरी कितपत योग्य? मराठीत मृताच्या जागेवरील खुणेला शब्दांची उणीव नाही. थडगे, कबर, समाधी, छत्री, वृंदावन, वीरगळ, सतीशिळा, कोकणातला चिरा : प्रत्येक शब्दामागे वेगळी जात, वेगळा धर्म, वेगळा मृत्यू आहे. पण यांतील प्रत्येक शब्द जमिनीच्या वर असलेल्या वस्तूचा आहे. ज्या जागेवर खूणच नाही, जेथे वर चूल पेटते आणि माणसे निजतात, त्या जागेस मराठीत स्वतंत्र नाव नाही. शीर्षकात ‘थडगी’ हा शब्द मीही निरुपायाने घातला आहे, हे कबूल केले पाहिजे.

आजच्या आचारांशी या दफनांचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो. मनू आणि याज्ञवल्क्य या दोन्ही स्मृतींत दोन वर्षांच्या आतील मुलाचे दहन न करता त्यास पुरावे असे सांगितले आहे, आणि ही रूढी आजही पाळली जाते. परंतु मनूने ते गावाबाहेर, शुद्ध भूमीत करावयास सांगितले आहे. जोर्वेच्या लोकांनी ते घरात केले. साम्य आहे तेथेच भेदही आहे, आणि भेद लहान नाही. दुसरे उदाहरण अधिक विलक्षण आहे. जोर्वे काळातील अनेक प्रौढ सांगाड्यांचे पाय घोट्यांपासून तोडलेले आढळतात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या विस्तृत उत्खननात हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसला. मृताने घर सोडून जाऊ नये, किंवा त्याने भूत होऊन हिंडू नये, असा त्यामागे हेतू असावा असे उत्खनकांनी सुचविले. मराठी लोककथांतील भुताचे पाय उलटे असतात, हे ऐकताच कोणीही दचकेल. मीही दचकलो होतो. पण उलटे पाय आणि तोडलेले पाय यांच्यामध्ये तीन सहस्रकांचे अंतर आहे आणि ते भरून काढणारी एकही कडी उपलब्ध नाही. इनामगावलाच चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या पात्रात बसविलेला एक पुरुष मिळाला, त्याचे पाय शाबूत होते. म्हणजे हा नियमही सर्वांना सारखा नव्हता. बहुधा मोठ्यांना वेगळा होता.

दायमाबादची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. या स्थळाचा शोध भा. पु. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये लावला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यातर्फे तेथे तीन वेळा उत्खनन झाले : १९५८-५९ मध्ये म. ना. देशपांडे, १९७४-७५ मध्ये शि. रं. राव आणि नंतर १९७९ पर्यंत एस. ए. साळी यांच्या नेतृत्वाखाली. सावळदा, उत्तर-हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर तेथे एकावर एक आढळले. उत्तर-हडप्पा थरात मातीच्या विटांनी बांधून काढलेल्या खड्ड्यात उताणे ठेवलेले एक दफन मिळाले. त्यामुळे प्रवरेच्या एकाच टेकाडात विटांची चौकट, दहनोत्तर घट आणि घरातील घटदफन हे तिन्ही आचार क्रमाने नांदून गेले. दगड मात्र कोणीही उभा केला नाही. हा प्रदेश काळ्या कातळाचा आहे, तेव्हा दगड नव्हता म्हणून उभारला नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

येथील कलेचा सर्वांत प्रसिद्ध नमुनाही दफनाशी संबंधित नाही आणि उत्खननातूनही मिळालेला नाही. १९७४ मध्ये एका स्थानिक भिल्ल रहिवाशास झाडाचे खोड उपटताना धातूच्या चार ओतीव मूर्ती सापडल्या : दोन बैल जोडलेला आणि उभ्या पुरुषाने हाकलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आहे, आणि त्याच्या दांड्यावर एक कुत्रा उभा आहे. चारही मूर्तींचे मिळून वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरते. त्या उत्तर-हडप्पाकालीन असाव्यात असे उत्खनकांचे मत. उलट धर्मपाल अग्रवाल यांनी धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून या कालनिर्णयाविषयी शंका व्यक्त केली. थरातून न मिळालेल्या वस्तूचे असेच होते. ती कितीही सुंदर असली, तरी तिचा काळ सांगणारी माती तिच्याभोवती उरलेली नसते. मला स्वतःला त्या रथावरील कुत्र्याने नेहमी मोहविले आहे. परंतु त्याच्याविषयी जेवढे निश्चित बोलता येत नाही, तेवढे नेवाशाच्या त्या दोऱ्याविषयी बोलता येते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : हे लोक कोणती भाषा बोलत होते? काहींना ती आर्य हवी असते, काहींना द्राविड. शं. बा. जोशी यांनी मराठी व कन्नड यांच्या प्राचीन संबंधांची चर्चा केली. फ्रँक्लिन साउथवर्थ यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात महाराष्ट्राच्या ग्रामनामांतील द्राविड अंशाचा विचार केला. हे सारे उपयुक्त आहे, पण घटातील मुलापर्यंत ते पोहोचत नाही. दायमाबादला सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा व खापरे मिळाली. ती लिपी अद्याप वाचली गेलेली नाही. जोर्वेच्या लोकांनी तर काहीच लिहून ठेवले नाही. या प्रदेशाच्या शेजारी वाचता येणारी भाषा प्रथम भेटते ती जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनांच्या प्राकृत लेखात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास. प्रवरेच्या खोऱ्यातील जोर्वे वस्त्या इ. स. पू. १००० च्या सुमारास ओस पडल्या. मध्ये आठनऊ शतके आहेत आणि त्या शतकांत नेवाशाच्या टेकाडावर कोणी राहत नव्हते. जेथे माणसेच नव्हती तेथून भाषा सलग वाहत आली, असे कोणत्या आधाराने म्हणावे? ‘आमचे पूर्वज’ हा शब्द भाषणात गोड वाटतो. संशोधनपत्रिकेत तो जपून वापरावा.

स्थळनामेही येथे मदत करीत नाहीत. दायमाबाद हे नाव उघडच फारसी-अरबी वळणाचे आहे. ‘दायम’ म्हणजे नित्य आणि ‘आबाद’ म्हणजे वसलेले, अशी फोड केली तर ‘सदा वसलेले गाव’ असा अर्थ निघतो. दायम हे विशेषनामही असू शकेल, म्हणून या फोडीवर मी फार भर देत नाही. पण तो अर्थ खरा असेल तर तो मोठा विरोधाभास आहे, कारण दायमाबाद हे ओसाड गाव आहे. महसुली भाषेत अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. त्यातील ‘राख’ ही आपल्या कानाने ऐकलेली. मूळ फारसी शब्द ‘बे-चिराग’, म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे गाव.

आणि आता त्या विसरत चाललेल्या शब्दाकडे येतो. दख्खनच्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी किंवा पांढर म्हणजे गावठाण, वस्तीची जागा, आणि लक्षणेने गावातील समस्त मंडळी. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत हा विरोध नोंदलेला आहे. ‘पाण्डुर’पासून आलेला हा साधा वर्णवाचक शब्द; पण तो वस्तीला का लागला, याचे उत्तर जमिनीत आहे. माणसे जेथे पिढ्यान् पिढ्या राहतात तेथे चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, हाडे, खापरे यांनी माती फिकट होते. काळ्या रानात दुरून उठून दिसणारे ते फिकट टेकाड पाहून, येथे पूर्वी कोणी राहत होते, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. पुरातत्त्वज्ञ ज्याला वस्तीचे टेकाड म्हणतो, त्याला मराठी माणूस किती तरी आधीपासून पांढर म्हणत आला आहे. या शब्दाने तीन हजार वर्षांची आठवण जपली, असा माझा दावा नाही. तसा दावा करणे म्हणजे वर ज्याचा निषेध केला तेच करणे होय. शब्द अलीकडचा आहे. परंतु घर, चूल आणि मृत यांची माती एकच झाली आहे, हे सांगणारा याहून नेमका शब्द आपल्या भाषेत नाही. आणि या जिल्ह्याचे प्रागैतिहासिक स्मारक जर कोणते असेल तर ते हेच होय.

दुर्दैवाने पांढरीचा दुसरा गुणही लोकांना ठाऊक आहे. तिची माती भिंतींना आणि धाब्यांना चांगली, पाणी धरून ठेवणारी. कोणी ती शेतातही पसरतात. म्हणून पांढरी पिढ्यान् पिढ्या खणल्या गेल्या. विसाव्या शतकात या खणण्याला वेग आला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, कालव्यांचे पाणी आले, ऊस आला. उंचसखल रान सपाट करणे फायद्याचे ठरले. पुढे जायकवाडीच्या जलाशयाचा फुगवटा नेवासे तालुक्यापर्यंत पोहोचला. कोणी वाईट हेतूने काही केले असे नाही. शिळावर्तुळ वाटेत आले तर नांगर निदान थबकतो. पांढरीत नांगराला अडविणारे काही नसते. घटाची दोन तोंडे सुटी होतात, खापरे बांधावर फेकली जातात आणि आतील हाडे इतकी लहान असतात की ती माणसाची आहेत हे कळतही नाही.

दोन वर्षांपूर्वी बोलींच्या पाहणीसाठी प्रवराकाठच्या काही गावांत हिंडत असता मी शब्दांच्या यादीत ‘पांढर’ हा शब्द मुद्दाम घातला होता. साठीच्या पुढील बहुतेकांनी गावठाण हा अर्थ तत्काळ सांगितला. चाळिशीच्या आतल्यांनी रंग सांगितला. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र मला शेताच्या कडेला नेऊन कमरेइतकी उरलेली एक फिकट उंची दाखविली. ‘ही जुनी पांढर’, ते म्हणाले, ‘आमच्या आज्याच्या वेळी हिच्यावर चढलं की पलीकडचं रान दिसायचं.’ कडेच्या ताज्या खोदाईत एका जाड, राखी खापराची कड बाहेर आली होती. मी ती तशीच ठेवली, जागेची नोंद घेतली आणि ती पुरातत्त्वाच्या अभ्यासकांकडे पाठविली आहे.